‘कवटीतला आवाज’, हळू चालीत

धडामला हळू असं काही करताच येत नसे. त्याने कप टेबलावर ठेवला की अर्धा चहा बशीत. त्याने दार लावलं की भिंतीवरचं घड्याळ वाकडं. तो शिंकला की वरच्या मजल्यावरचं बाळ जागं व्हायचं आणि बाळाची आई खिडकीतून डोकं काढून त्याचा उद्धार करायची. त्याचं खरं नाव त्याच्या ताईखेरीज कुणाच्या ध्यानात उरलं नव्हतं, आणि तीही ते फक्त चिडली की वापरायची.

आता अशा माणसाने ड्रम वाजवायचे नाहीत तर काय करायचं?

दिवसा तो मावशीच्या गाद्यांच्या कारखान्याची गाडी चालवायचा, गाद्या पोचवायचा, जुन्या उचलून आणायचा. संध्याकाळी त्याच कारखान्यात, स्पंजचे ठोकळे आणि स्प्रिंगांच्या जाळ्या बाजूला सारून, ‘लोखंडी जबडा’ हा त्यांचा बँड तालमीला उभा राहायचा. गाद्यांच्या थप्प्या सगळा आवाज गिळून टाकायच्या. बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटायचं, आत कुणीतरी मोठं जनावर उशीत तोंड खुपसून रडतंय.

मावशी म्हणजे धडामच्या आईची धाकटी बहीण. पन्नाशी ओलांडलेली, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि गिटारवर बोटं अशी की पाहणाऱ्याला गरगरावं. आयुष्यभर गाद्यांच्या कडा शिवून तिच्या बोटांना वेगाचं व्यसनच लागलं होतं. बँड तिचा, जागा तिची, आणि शेवटचा शब्दही तिचाच. बेस वाजवायचा तो मौनी. शाळेत खेळ शिकवायचा. दिवसभर मैदानावर ओरडून आणि शिट्टी फुंकून त्याचा बोलण्याचा कोटा दुपारीच संपायचा. संध्याकाळी तो फक्त मान हलवायचा.

आणि गायक घसा. हा दिवसा लिफ्ट दुरुस्त करायचा. काडीसारखा बारीक, बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघणारा. पण माइक हातात आला की त्याच्या पोटातून जे काही निघायचं, त्याला गाणं म्हणायला धाडस लागायचं. कुणी म्हणे अस्वल, कुणी म्हणे तुंबलेलं गटार. शब्द म्हणाल तर एकही कळत नसे. इतक्या वर्षांत बँडमधल्या कुणालाही कळला नव्हता. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं होतं ‘कवटीतला आवाज’. त्यात मधे घसा ‘हाड’ असं काहीतरी गर्जायचा आणि समोरची काळे शर्ट घातलेली मंडळी मुठी वर करून ‘हाड! हाड!’ असं साथीला ओरडायची. एकदा मोकळ्या मैदानावर कार्यक्रम होता, तेव्हा आजूबाजूची सगळी कुत्री शेपट्या घालून पळाली होती.

ताई या बहुतेक कार्यक्रमांना यायची. ती कानांची तज्ज्ञ. लोकांचे कान तपासायची, ऐकण्याची मशीनं बसवून द्यायची. स्वतःच्या कानांत बोळे घालून ती हॉलच्या शेवटच्या भिंतीला टेकून उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पिशवीतून बोळे वाटायची. “आज फुकट घ्या,” म्हणायची, “नाहीतर वीस वर्षांनी माझ्याकडेच याल.”

तर त्या दिवशी काय झालं, धडाम एक मोठी डबल गादी घेऊन एका इमारतीत गेला. लिफ्टवर पाटी : दुरुस्ती चालू आहे. त्याने कपाळावर हात मारला, गादी डोक्यावर घेतली आणि जिने चढायला लागला. घामाच्या धारा लागल्या. अर्ध्यावर आल्यावर त्याने गादी भिंतीला टेकवली, स्वतः गादीला टेकला, आणि तेवढ्यात त्याला गाणं ऐकू आलं.

लिफ्टच्या पोकळीतून येत होतं. असा आवाज की नव्या मऊ गादीवरून कुणी उलटा हात फिरवावा. शब्द त्या उंच पोकळीत एकमेकांत मिसळून जात होते, पण सूर स्वच्छ होता. वर जायचा, क्षणभर थांबायचा आणि असा अलगद उतरायचा की धडामला आपण घामाघूम आहोत, पाठ दुखतेय, वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक वाट बघतंय, कशाचंच भान उरलं नाही. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की ही चाल आपल्या ओळखीची आहे. ओळखीची कसली, हिच्यावर तर आपण इतकी वर्षं लाथा घालतोय! हे ‘कवटीतला आवाज’ होतं.

त्याने पोकळीच्या उघड्या दारातून खाली डोकावलं. लिफ्टच्या टपावर, कपाळाला दिवा बांधून, हातात पाना घेऊन, तेलाने माखलेला घसा मांडी घालून बसला होता आणि डोळे मिटून गात होता.

“घशा!” धडाम ओरडला.

त्या पोकळीत ते बॉम्ब पडल्यासारखं घुमलं. पाना खाली गेला तो ठणठणत तळाशी पोचला.

“कोण गात होतं रे?”

“रेडिओ,” घसा म्हणाला.

“कुठाय रेडिओ?”

घशाने खाली बघितलं. “पडला.”

शेवटी तो वर आला, जिन्यात गादीला टेकून बसला आणि बुटांकडे बघत बोलायला लागला. “साल्या, कुणाला सांगू नकोस. लहानपणी घरी कुणीही आलं की मला मधोमध उभं करायचे. बाळ, गाऊन दाखव. मी गायचो, पाहुण्या बायका गाल ओढायच्या. गाल सुजायचे माझे. मोठा झालो, आवाज फुटला, म्हटलं सुटलो एकदाचा. तर फुटून आणखीनच गोड निघाला! मग काय करणार? गर्जायला लागलो. गर्जणाऱ्याचे गाल कुणी ओढत नाही.”

“पण किती छान गातोस तू!”

“हे बघ. झालं सुरू.”

धडामने गळ्याची शपथ घेतली की कुणाला सांगणार नाही. पण गुपित ही हळू हाताने ठेवायची चीज आहे, आणि ते त्याला कसं जमावं? संध्याकाळी तालमीला मावशीने नुसतं विचारलं, “काय रे, आज एवढा खुशीत?” आणि त्याच्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर पडलं. घसा स्पंजच्या थप्पीमागे जाऊन उभा राहिला. मावशी त्याच्यामागे गेली.

“गा,” ती म्हणाली.

“मावशी, नको ना.”

“गा म्हणते ना.”

तो एकच ओळ गायला. नुसत्या सुरांत, शब्दांशिवाय. मावशीने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मौनीने तोंड उघडलं आणि म्हणाला, “आईशप्पथ.” त्या संध्याकाळी तो एवढंच बोलला, पण तेही त्याच्या मानाने भाषणच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई स्वयंपाकघरात डोकं धरून बसलेली. तिच्या दवाखान्यात नवी मशीनं बसवलेल्या लोकांसाठी स्नेहमेळा ठरला होता. इतकी वर्षं ज्यांना धड काही ऐकू येत नव्हतं, त्यांना पहिल्यांदा समोर बसून गाणं ऐकता यावं, अशी तिची कल्पना. एका बासरीवाल्याला बोलावलं होतं, तर त्याची नेमकी तेव्हाच दाढ काढायची वेळ आली. गाल फुगून टम्म.

“आम्ही वाजवतो की!” धडाम म्हणाला आणि कप ठेवला. चहा बशीत.

ताईने त्या बशीकडे बघितलं. “माझ्या माणसांना नुकतं कुठे ऐकू यायला लागलंय. त्यांना परत बहिरं नाही करायचं मला.”

“हळू वाजवू.”

“तू?” ताईला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि ती थांबली. “खरंच म्हणतोयस?”

“गळ्याची शपथ.”

त्या गळ्याची तेव्हा काय किंमत उरली होती ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती हो म्हणाली.

मावशीने हे ऐकलं आणि तिच्या अंगात आलं. आधीच कालपासून तिच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. तिने सगळे अ‍ॅम्प भिंतीकडे तोंड करून उभे केले, शिक्षा केलेल्या पोरांसारखे. कपाटाच्या वरून एक जुनी लाकडी गिटार काढली, तिच्या पोटातून मेलेला कोळी झटकला आणि नव्या तारा चढवल्या. मौनीला म्हणाली, “दर चार सुरांतले तीन गाळ.” मौनीने मान हलवली, त्याचा स्वभावच तो. आणि मग ती धडामकडे वळली.

“तुझं ते दोन्ही पायांनी हाणायचं दुहेरी पेडल बाहेर.”

“मावशी!”

“बाहेर. मोठा ढोल बाहेर. झांजा सगळ्या बाहेर, ती एक छोटी ठेव. आणि काठ्या इकडे दे.”

काठ्यांच्या जागी तिने त्याच्या हातात तारांचे दोन ब्रश ठेवले. धडामने ते असे धरले की जणू कुणी त्याला मेलेले उंदीर दिलेत. पहिल्या फटक्यात एका ब्रशच्या तारा वाकल्या. दुसऱ्यात ड्रमच उलटला. मावशीने ड्रमवर रजईचा तुकडा अंथरला, त्याच्या मनगटांना स्पंजच्या पट्ट्या बांधल्या, आणि तरीही पहिले काही दिवस कारखान्यात फर्निचर हलवल्यासारखा आवाज यायचा. बिचारा घरीदारी सराव करायचा. दार असं लावायचा की ते लागायचंच नाही, वाऱ्याने परत उघडायचं. आणि मग एका संध्याकाळी, थकून, कंटाळून, जोर करायचंच सोडून त्याने ब्रश ड्रमवरून नुसता ओढला. सर्रर्र. कुणीतरी चप्पल न उचलता घरातून चालत गेल्यासारखं. त्याने पुन्हा ओढला. अंगावर शहारा आला त्याच्या. तो हसायला लागला आणि त्याला थांबताच येईना. “अगं मावशी, हे किती भारी आहे!” तो म्हणाला, “एवढ्याशात एवढं सगळं असतं होय!”

त्यापुढचे दिवस म्हणजे नुसता धिंगाणा, पण हळू आवाजातला. गाणी सोलल्यासारखी एकेक करून उघडी पडत होती. वेग कमी केला आणि गोंगाट काढला की आत चाल निघायची, आणि अशी निघायची की चौघं एकमेकांकडे बघत राहायचे. हे आपलंच होतं का? आणि पहिल्यांदाच शब्द ऐकू यायला लागले. त्यांच्या पोस्टरवर वर्षानुवर्षं ‘मढ्यांचा डोंगर’ असं छापलेलं गाणं प्रत्यक्षात ‘गाद्यांचा डोंगर’ निघालं. कारखान्यात दमून येणाऱ्या माणसाला टेकायला जागा मिळते, असं काहीतरी होतं त्यात, आणि तिथल्या म्हाताऱ्या मालकिणीचं कौतुक होतं.

“म्हातारी कोण?” मावशीने विचारलं.

“यमकासाठी आहे ते,” घसा म्हणाला.

“आणि मी एवढी वर्षं पोस्टरवर मढी काढत बसले! सांगायचं नाहीस?”

“तुम्ही इतकं मन लावून काढत होता ना.”

एका गाण्याशी मात्र घसा अडून बसला. ‘कवटी’ नको, म्हणाला. बाकी काहीही गातो. मावशी म्हणाली, तेच तर सगळ्यात सुंदर आहे. मग तो तालमीत ‘कवटी’ला नुसतं ला-ला-ला करायचा. शब्द? शब्द त्या दिवशी म्हणेन.

“शिव्या आहेत का रे त्यात?” धडामने विचारलं.

“नाही.”

“रक्तबिक्त?”

“नाही रे, साल्या.”

“मग अडचण काय आहे?”

“मला बरं वाटत नाहीये,” घसा म्हणाला आणि खरंच पांढराफटक पडला. त्याने मावशीला गळ घातली की ‘कवटी’ अगदी शेवटी ठेवा, वेळ उरला तर बघू. मनात त्याचा हिशेब असा, की वेळ उरणारच नाही.

मेळ्याच्या दुपारी दवाखान्याचं मोठं दालन माणसांनी भरलं. बहुतेक सगळी वयस्क मंडळी, नीटनेटके कपडे, कानामागे नवी कोरी मशीनं. दर मिनिटाला कुणाचं ना कुणाचं बोट कानामागे जायचं आणि आवाज कमी-जास्त करायचं. एक आजोबा खुर्ची सरकल्याच्या आवाजावर खूश होऊन ती पुन्हा पुन्हा सरकवत होते. पहिल्या रांगेत मधोमध एक आजीबाई बसल्या होत्या. ताईच्या भाषेत सांगायचं तर त्या तिच्या सगळ्यात हट्टी पेशंट. कितीतरी वर्षं समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखत आल्या आणि मशीन नकोच म्हणून भांडल्या, ते शेवटी गेल्याच आठवड्यात तयार झाल्या. आपण किती मोठ्याने बोलतो याचा मात्र त्यांना अजून अंदाज आला नव्हता.

आणि सगळ्यात मागे, कुणी सांगितलं देव जाणे, काळ्या शर्टवाल्यांची एक रांग. दंडाला खिळ्यांचे पट्टे, गळ्यात साखळ्या. ताईने त्यांना बजावून बसवलं होतं. ते मांडीवर हात ठेवून बसले होते, शाळेत पालकांना बोलावल्यावर पोरं बसतात तसे.

ताई शेवटच्या भिंतीला टेकून उभी राहिली. पांढरा कोट, हातात फायली. आज तिच्या कानांत बोळे नव्हते.

पहिलं गाणं सुरू झालं आणि धडामने ब्रश ओढला. सर्रर्र. सर्रर्र. घसा गायला लागला. काळ्या शर्टवाल्यांच्या रांगेत एकदम चुळबुळ झाली. हा कोण गातोय? मग तीही हळूहळू शांत झाली. त्यातला जो सगळ्यात धिप्पाड होता, त्याने सवयीने डोकं झटकायला सुरुवात केली, पण ताल एवढा संथ की त्याचं डोकं गाईसारखं सावकाश वरखाली होत राहिलं. गाणं संपलं. टाळ्या अशा पडल्या की स्वतःच्याच टाळ्यांनी दचकून लोकांनी मशीनांचा आवाज कमी केला. तेवढ्यात खुर्चीवाले आजोबा उठले आणि धडामकडे बोट करून म्हणाले, “अहो, तुम्ही जरा मोठ्याने वाजवा ना!”

धडामला आपल्या कानांवर विश्वास बसेना. उभ्या आयुष्यात असं त्याला कुणी म्हणालं नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर शेजारपाजारचे सगळे चेहरे येऊन गेले. मौनी हसून हसून बेसवर वाकला.

एकामागून एक गाणी होत गेली. शेवटची टाळी वाजली तसा घसा घाईघाईने वाकून आभार मानायला लागला, आणि तेवढ्यात मागून एक घोगरा आवाज आला, “कवटी!”

“कवटी! कवटी!” सगळी काळी रांग उठून उभी राहिली.

पुढची वयस्क मंडळी जरा बावरली. “काय मागतायत हो?” “कवटी म्हणतायत.” “कुणाची?”

घशाने मावशीकडे केविलवाणं बघितलं. मावशीने त्याच्याकडे बघितलंच नाही. तिने सुरुवातीचे सूर छेडले, एकेक, सावकाश, आणि आता मागे फिरायला वाट उरली नाही. घसा सरळ उभा राहिला. एरवी बुटांकडे बघणारा तो माणूस मान वर करून थेट शेवटच्या भिंतीकडे बघायला लागला आणि गायला लागला :

काचेच्या खोलीत बसवलंस, दार हळूच लावलंस,
कानामागच्या हाडावर काहीतरी टेकवलंस,
कवटीत आला आवाज, मी हात वर केला,
तू कागदाकडे पाहिलंस, मी पाहिलं तुला.

धडामचा ब्रश सर्रर्र करत होता आणि डोकं भलतीकडेच धावत होतं. काचेची खोली. कानामागचं हाड. हे त्याला माहीत होतं. दवाखान्यात आत ती आवाजबंद खोली होती, तिथे ताई माणसाला बसवते, कानामागच्या हाडावर एक लहानशी डबी टेकवते, म्हणजे आवाज कानातून न जाता हाडातून थेट आत पोचतो. ऐकू आलं की हात वर करायचा. फार मागे घशाचा कान दुखत होता तेव्हा धडामनेच त्याला तिथे धाडलं होतं.

म्हणजे तू... म्हणजे ताई...

घसा गातच होता :

कमी कर, अजून कमी कर,
सुईच्या टोकाएवढा कर,
नाहीतर नुसते ओठ हलव,
मला येईल ऐकू.

इतकी वर्षं! दर कार्यक्रमात, शेकडो माणसांदेखत, हा माणूस भिंतीला टेकलेल्या बाईला हेच सांगत होता आणि ती कानांत बोळे घालून उभी होती! आणि आपण? आपण त्यावर दोन्ही पायांनी लाथा झाडत होतो! आणि दर दोन वाक्यांनी ‘साल्या, साल्या’ म्हणत होता तो मला, मी म्हटलं लाडाने म्हणतोय. हा तर नातं सांगत होता! धडामच्या हातातला एक ब्रश निसटून आजीबाईंच्या पायाशी जाऊन पडला. तो दुसऱ्या हाताने, उघड्या बोटांनीच वाजवत राहिला.

आजीबाईंनी ब्रश उचलला, घशाच्या ओठांकडे टक लावून बघितलं, मग मान मागे वळवून भिंतीकडे बघितलं, आणि शेजारणीच्या कानात सांगावं म्हणून जे सांगितलं ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. “अगं, काचेची खोली म्हणजे ती आतलीच! हा आपल्या डॉक्टरीणबाईंबद्दल गातोय!”

सगळं दालन एकदम मागे वळलं. नव्या कानांची, जुन्या डोळ्यांची एवढी माणसं. काळे शर्टवालेही वळले. ताई फायली छातीशी धरून उभी. कानाच्या पाळ्या लालभडक.

गाणं संपलं. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही.

“शेवटच्या ओळी मला नीट ऐकू आल्या नाहीत,” ताई म्हणाली.

दोन खोल्या पलीकडे धडामने फ्रीज उघडला तर जिला ऐकू येतो, ती ताई असं म्हणाली.

“कुठल्या?” घशाने विचारलं.

“त्या ओठांच्या.”

तो पुन्हा गायला. मावशीने वाजवलं नाही, मौनीने वाजवलं नाही, धडामने श्वाससुद्धा घेतला नाही. नुसता तो एक आवाज. गाऊन झालं आणि ताईने तिथूनच, अजिबात आवाज न करता, ओठ हलवले. बराच वेळ हलवले.

“काय म्हणाली?” “ऐकू नाही आलं!” “तुमचं वाढवा ना!” सगळ्यांची बोटं एकदम कानामागे गेली. सगळ्यांनी आपापली मशीनं एकदम वाढवली. आणि ती इतकी मशीनं, एका खोलीत, पूर्ण वर, मिळून जी काही शिट्टी मारायला लागली, ती ऐकून मागची काळी रांग आनंदाने वेडी झाली. असला भेदक आवाज ‘लोखंडी जबड्या’ला सगळे अ‍ॅम्प लावून कधी काढता आला नव्हता. मुठी वर, साखळ्या खळखळ, “हाड! हाड!”

त्या सगळ्या कल्लोळात आजीबाई खुर्चीचा हात धरून उठल्या. त्यांना मशीनची गरजच नव्हती. “गप्प बसा!” त्या म्हणाल्या, आणि सगळे गप्प बसले. “मी सांगते काय म्हणाली. ती म्हणाली, ‘गाढवा, इतकी वर्षं नुसता बोंबलत होतास, नीट सांगता येत नव्हतं? मी प्रत्येक वेळी काय गाण्यासाठी येत होते?’”

मग जो काही गिल्ला झाला तो सांगण्यात अर्थ नाही. धिप्पाड काळा शर्टवाला आजोबांच्या गळ्यात पडून रडला. मौनीने शाळेतली शिट्टी खिशातून काढून फुंकली. मावशी, जिला कुणी कधी हळवी झालेली पाहिली नव्हती, ती गिटारच्या पोटात तोंड लपवून म्हणत होती, “बास. आजपासून हेच. जबड्याने आता एवढंच उघडायचं.” आणि तिने ते खरं केलं. पुढे काही जुने चाहते रुसून गेले, काहींनी ‘जबड्याचे दात पडले’ म्हणून टोमणे मारले, पण जेवढे गेले त्याहून जास्त आले, आणि आता ते शब्द पाठ करून यायचे. ताई आणि घशाचं लग्नही यथावकाश झालं. पण ते पुढचं.

त्या संध्याकाळी धडाम गाद्यांच्या गाडीतून सगळ्यांना घरी न्यायला निघाला. ताई पुढे त्याच्या शेजारी. मागे गाद्यांच्या मधे, वाद्यं सांभाळत, मावशी, मौनी आणि घसा. पुढच्या आणि मागच्या भागांच्या मधे एक लहानशी जाळीची खिडकी.

“रागावलास का रे?” ताईने विचारलं.

“मी कशाला रागवू? एकच सांगतो. तो मला भाऊजी म्हणायला लावणार असेल तर मी बँड सोडेन.”

“मी म्हणायला लावणार आहे!” जाळीतून आवाज आला.

“तू झोप, साल्या!” धडाम ओरडला आणि जीभ चावली. “च्यायला. नातं उलटं झालं.”

ताई इतकी हसली की तिचं डोकं काचेला लागलं. मग ती बाहेर बघत ‘कवटी’ गुणगुणायला लागली. आणि काय सांगावं, सुईच्या टोकाएवढा आवाज ऐकू येणाऱ्या त्या बाईला एक सूरही धड लावता येत नव्हता. इतकी बेसूर, इतकी मनापासून बेसूर, की धडामला गाडी कडेला घ्यावीशी वाटली.

“कोण गातंय ते?” मागून घसा.

“तुझी होणारी बायको!”

“किती छान गाते!” घसा म्हणाला.

मावशी हसून हसून गादीवर कोलमडली. मौनीची शिट्टी पुन्हा वाजली. मग घशाने जाळीला तोंड लावून ताईच्या त्या वेड्यावाकड्या चालीला आधार द्यायला सुरुवात केली, आणि बघता बघता सगळेच गायला लागले, धडामही, स्टीअरिंगवर बोटांनी ताल धरून. समोर घराचं वळण आलं. धडामने ते पाहिलं, आरशात मागे पाहिलं, शेजारी पाहिलं, आणि गाडी सरळ पुढे जाऊ दिली.